इमाम गझाली (रह.) : बगदादचे पद आणि निय्यतीची कसोटी

आपल्या घरात किंवा नात्यात असा एखादा मनुष्य असेलच, ज्याची नोकरी व्यवस्थित चालली आहे, महिन्याच्या महिन्याला पगार हाती पडतो, चारचौघांत मान आहे, आणि तरीही त्याच्या जिवाला चैन नाही. हे काम सोडावे असे त्याला वाटते. सोडल्यावर पुढे काय, याचे उत्तर मात्र त्याच्यापाशी नसते. घरातील वडीलधारे त्याला भरल्या ताटाला लाथ मारू नये असे समजावतात. मित्रांना वाटते, याला कोणाची तरी नजर लागली. एका दिवशी तो अल्लाहवर भरवसा ठेवून निघण्याचे ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या शाळेची फी आठवून तो विचार मागे घेतो. कदाचित तो मनुष्य आपण स्वतःच असाल.

अशाच मनःस्थितीतून एके काळी इस्लामी जगातील एक अत्यंत थोर विद्वान गेले आहेत. त्यांनी सोडलेले पद लहानसहान नव्हते, आणि ते सोडताना पुढील आयुष्याचा आराखडाही त्यांच्या हाती नव्हता. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ‘अल-मुनकिझ मिन अद-दलाल’ या छोट्या आत्मकथनात त्या दिवसांची हकीकत स्वतःच लिहून ठेवली. आपली चलबिचल, आपली भीती, आपल्या निय्यतीतील खोट, काहीही न लपवता. म्हणून हुज्जतुल इस्लाम इमाम गझाली (रह.) यांच्या चरित्राकडे आज याच एका प्रश्नाच्या अंगाने पाहू.

पोटासाठी धरलेली मदरशाची वाट

इमाम अबू हामिद मुहम्मद अल-गझाली यांचा जन्म हि. स. ४५० (इ. स. १०५८) मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. हे ठिकाण आजच्या इराणमधील मशहद शहराजवळ आहे. चरित्रकार सांगतात की त्यांचे वडील लोकर कातून ती आपल्या दुकानात विकत आणि हाताच्या कमाईशिवाय दुसरे काही खात नसत. स्वतः शिकलेले नव्हते, पण उलेमांच्या बैठकीत जाऊन बसत, त्यांची सेवा करीत. फकीहांचे बोलणे ऐकले की त्यांना रडू येई आणि आपल्याला असा फकीह मुलगा मिळावा म्हणून ते अल्लाहपाशी दुआ मागत. वाझच्या मजलिसीत गेले की असाच वाइझ मुलगा मिळावा म्हणून मागत. त्यांच्या दोन्ही दुआ कबूल झाल्या. थोरला मुहम्मद फिकहचा इमाम झाला आणि धाकटा अहमद आपल्या काळातील नामांकित वाइझ झाला. हे पाहण्यासाठी ते स्वतः मात्र हयात राहिले नाहीत.

मृत्यूपूर्वी त्यांनी आपली थोडीफार शिल्लक एका सूफी मित्राच्या हवाली केली आणि दोन्ही मुलांना त्या पैशांतून शिकवावे अशी वसीयत केली. मित्राने ती प्रामाणिकपणे पाळली. पण शिल्लक ती केवढी! एके दिवशी पैसे संपले. तो मित्र स्वतः फकीर माणूस होता. त्याने मुलांना मोकळेपणाने सांगितले की आता तुम्हाला पोसण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही, तेव्हा मदरशात दाखल व्हा. तेथे विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय असते.

वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या इमामांच्या ग्रंथांनी पुढे शतकानुशतके लोकांना अल्लाहकडे वळवले, त्यांचे मदरशातील पहिले पाऊल भाकरीसाठी पडले होते. ही आठवण ते मोठेपणीही सांगत. इल्म आपण अल्लाहसाठी म्हणून शोधायला निघालो नव्हतो. इल्मनेच मागाहून दुसऱ्या कोणाचे होऊन राहण्याचे नाकारले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे.

तूसमधील आरंभीच्या शिक्षणानंतर ते जुर्जानला गेले. तेथून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. त्यांच्या वाट्याच्या सामानात गुरूंच्या पाठांची टिपणेही गेली. तरुण गझाली दरोडेखोरांच्या मागे गेले आणि केवळ ते कागद परत मागू लागले. जे ज्ञान कागद गेल्याबरोबर जाते ते कसले ज्ञान, असे म्हणून टोळीचा म्होरक्या हसला आणि त्याने कागद परत दिले. हा टोला त्यांनी अल्लाहकडून आलेला इशारा मानला, आणि तूसला येऊन तीन वर्षे खपून सारी टिपणे तोंडपाठ केली.

पुढे नैशापूरला त्यांना इमामुल हरमैन अल-जुवैनी यांच्यासारखे गुरू लाभले. फिकह, उसूल, कलाम, तर्कशास्त्र अशा विषयांत ते गुरूंच्या शिष्यांत अग्रभागी आले. हि. स. ४७८ (इ. स. १०८५) मध्ये गुरू वारले. तेव्हा इमाम साहेब अठ्ठावीस वर्षांचे होते. ते सल्जूक सल्तनतीचे वजीर निझामुल मुल्क यांच्या दरबारात पोहोचले. तेथे विद्वानांचे वादविवाद होत, आणि या तरुणापुढे कोणी टिकत नसे.

बगदादमधील मानाचे आसन

निझामुल मुल्क यांनी ठिकठिकाणी मदरसे उभारले होते आणि त्यांना वक्फ लावून दिले होते. विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाची सोय आणि शिक्षकांना नेमका पगार, अशी ती व्यवस्था होती. त्या सर्वांत बगदादचा निझामिया मदरसा अधिक नामांकित. हि. स. ४८४ (इ. स. १०९१) मध्ये वजीरांनी त्या मदरशाच्या मुख्य अध्यापकाच्या जागी इमाम गझाली यांची नेमणूक केली. तेव्हा त्यांचे वय चौतीसच्या आसपास होते.

बगदाद ही खलीफांची राजधानी. तेथे इमाम साहेबांच्या दर्समध्ये सुमारे ३०० विद्यार्थी बसत. खलीफा अल-मुस्तझहिर यांच्या सांगण्यावरून त्यांनी बातिनी पंथाच्या खंडनार्थ ग्रंथ लिहिला. शिकवण्यातून उरलेल्या वेळात, कोणा गुरूची मदत न घेता, दोन वर्षांहून कमी काळात त्यांनी ग्रीक परंपरेचे तत्त्वज्ञान वाचून काढले. आणखी एक वर्ष त्यावर मनन केले. मग त्या विचारांची मांडणी करणारा ‘मकासिद अल-फलासिफा’ आणि त्यांतील चुका दाखवणारा ‘तहाफुत अल-फलासिफा’ हे ग्रंथ सिद्ध झाले. शाफई फिकहवरील त्यांच्या ग्रंथांचेही असेच वजन होते. कोकणातील आपले बांधव ज्या शाफई मसलकाप्रमाणे नमाज-रोजे करतात, त्या मसलकाच्या ग्रंथपरंपरेत त्यांच्या ‘अल-वजीझ’ला मोठे स्थान आहे, इमाम राफई यांनी त्यावर विस्तृत भाष्य लिहिले आणि त्या भाष्याचा सारांश इमाम नववी यांनी केला.

मानाबरोबर ऐश्वर्यही आले. इब्नुल जौझी यांनी नोंदवलेल्या एका वृत्तांताप्रमाणे, इमाम साहेब बगदादमध्ये दाखल झाले तेव्हा त्यांचा पोशाख आणि वाहन यांची किंमत पाहणाऱ्यांनी ५०० दीनार केली होती. हा आकडा मनात असू द्या. पुढे त्याची गरज लागेल.

मध्यंतरी सल्तनतीवर मोठे आघात झाले. हि. स. ४८५ च्या रमजानमध्ये वजीर निझामुल मुल्क यांची हत्या झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुलतान मलिकशाह वारला आणि वारसांमध्ये लढाया जुंपल्या. ज्यांच्या आश्रयाने पद मिळाले ते गेले, पण इमाम साहेबांचे पद हलले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ते यशाच्या शिखरावर दिसत होते.

सहा महिन्यांची घालमेल

याच सुमारास ते सूफी बुजुर्गांचे ग्रंथ वाचत होते. अबू तालिब मक्की यांचे ‘कूतुल कुलूब’, हारिस मुहासिबी यांचे ग्रंथ, जुनैद बगदादी आणि बायझीद बिस्तामी यांची वचने त्यांनी अभ्यासली. वाचता वाचता एक गोष्ट त्यांना उमगली. आरोग्याची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे. वैद्य आजारी पडला तर औषधांची माहिती असूनही तो आजारीच असतो. दुनियेच्या मोहापासून दूर राहणे म्हणजे काय, हे आता त्यांना नेमके सांगता येत होते. त्यांचे स्वतःचे आयुष्य मात्र त्या मोहात बुडालेले होते.

मग त्यांनी आपल्या कामांकडे वळून पाहिले. त्यांतील सर्वांत चांगले काम म्हणजे शिकवणे. ते तरी अल्लाहसाठी होते काय? त्यांनी प्रामाणिकपणे मनाची झडती घेतली, आणि उत्तर नकारार्थी आले. नाव व्हावे, मान वाढावा, हीच या कामामागची खरी प्रेरणा असल्याचे त्यांना आढळले. मदरसा वाईट नव्हता, विद्या हराम नव्हती, पगारही नाजायज नव्हता. खोट होती ती निय्यतीत. आपण कोसळत्या दरडीच्या कडेवर उभे आहोत असे त्यांना वाटू लागले.

हि. स. ४८८ च्या रजबपासून (इ. स. १०९५ च्या जुलैपासून) पुढचे जवळपास सहा महिने त्यांनी ज्या अवस्थेत काढले, ती वाचताना आजही जीव कासावीस होतो. एके दिवशी बगदाद सोडण्याचा निश्चय करावा, दुसऱ्या दिवशी तो मोडावा. एक पाय पुढे टाकावा, दुसरा मागे घ्यावा. सकाळी आखिरतची ओढ खरी वाटावी आणि संध्याकाळ होईतो नफ्सच्या फौजेने तिला उधळून लावावे. ईमान म्हणे, आयुष्य थोडे उरले आहे आणि प्रवास लांबचा आहे. शैतान म्हणे, ही क्षणिक लहर आहे, निघून जाईल. एवढे निर्वेध पद एकदा हातचे गेले आणि उद्या त्याची आठवण होऊ लागली, तर ते पुन्हा सहजी मिळणार नाही.

वाचकहो, ही भीती आपल्या ओळखीची नाही काय? नऊशे वर्षांत माणसाच्या मनातील हे बोलणे बदललेले नाही. इमाम साहेबांचे मोठेपण यात आहे की आपल्याला अशी भीती वाटलीच नाही, असे त्यांनी दाखवले नाही.

शेवटी निवड त्यांच्या हातात राहिली नाही. त्यांची जीभ बंद झाली. विद्यार्थ्यांचे मन राखण्यासाठी एखादा दिवस तरी शिकवावे म्हणून ते बसत, पण तोंडातून एक शब्द फुटत नसे. दुःख काळजात उतरले. अन्नावरची वासना गेली, घोट घशाखाली उतरेना, घास पचेना, शरीर खंगत चालले. हकीमांनी हात टेकले. हा विकार अंतःकरणातून देहात उतरला आहे आणि मनावरचा भार हलका झाल्याखेरीज औषध लागू पडणार नाही, असे त्यांनी सांगितले.

आपल्या हातून आता काहीच होण्यासारखे नाही, हे कळल्यावर त्यांनी एखाद्या असहाय माणसाप्रमाणे अल्लाहची पनाह मागितली. अगतिकाची हाक ऐकणाऱ्या अल्लाहने ती ऐकली. पद, संपत्ती आणि सोबती यांच्याकडे पाठ फिरवणे त्यांच्या मनाला सोपे झाले.

निघण्याची रीत

निघण्याचे ठरले, पण ते वाऱ्यावर निघाले नाहीत. आपली संपत्ती त्यांनी वाटून टाकली. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते आणि स्वतःच्या गरजेपुरते तेवढे राखून ठेवले. इराकमधील उत्पन्न मुसलमानांच्या हितासाठी वक्फ असल्याने, एखाद्या आलिमला आपल्या मुलाबाळांसाठी याहून चांगला पैसा मिळणार नाही, असा विचार त्यांनी त्यामागे नमूद केला आहे. मदरशातील त्यांच्या जागी त्यांचे बंधू अहमद शिकवू लागले. घरच्यांचा हक्क आणि विद्यार्थ्यांचा हक्क, दोन्ही उघड्यावर पडले नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी झाकून ठेवली. मक्केला जात असल्याचे त्यांनी जाहीर केले. मनात शामला जायचे होते आणि परत न येण्याचा इरादा होता. खलीफा आणि मित्रमंडळी आडवी येतील, ही धास्ती होती. हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

हि. स. ४८८ च्या जिलकादमध्ये (इ. स. १०९५, नोव्हेंबर) त्यांनी बगदाद सोडले. लोकांनी नाना तर्क केले. एवढे पद कोणी दीनसाठी सोडू शकतो, हे इराकच्या उलेमांपैकी कोणाला पटेना. कारण त्यांच्या मते दीनमधील सर्वांत मोठे स्थान तेच होते. दूरच्या लोकांना वाटले की राज्यकर्त्यांशी बिनसले असावे. राज्यकर्ते त्यांना थांबवू पाहत होते आणि तेच तोंड फिरवत होते, हे ज्यांनी जवळून पाहिले, त्यांनी इल्मवाल्यांना नजर लागली म्हणून सोडून दिले.

अकरा वर्षे

शाममध्ये, त्यांच्या स्वतःच्या कथनाप्रमाणे, ते जवळपास दोन वर्षे राहिले. कोणतेही पद नाही, दर्स नाही, वादविवाद नाही. दमिश्कच्या उमवी मशिदीच्या मिनारावर चढून ते दार लावून घेत आणि दिवसभर झिक्र-इबादतीत असत. पुढे बैतुल मुकद्दसला गेले. तेथे कुब्बतुस्सख्रामध्येही रोज असाच एकांत धरीत. तेथून ते अल-खलील गावी हजरत इब्राहीम (अ.) यांच्या मजारवर पोहोचले. तेथे त्यांनी तीन गोष्टींचा निश्चय केला : कोणा सुलतानाच्या दरबारात जायचे नाही, कोणा सुलतानाचा पैसा घ्यायचा नाही, आणि वादविवादाच्या फडात उतरायचे नाही. बगदादमध्ये ज्या तीन वाटांनी मान चालत आला होता, त्या तिन्ही त्यांनी बंद केल्या. त्यानंतर हज आणि मदीनेची जियारत झाली.

आता घराची ओढ नव्हती असे ते सांगतात, पण मुलांची हाक येत होती. त्या हाकेने त्यांना मायदेशी ओढून आणले. परतीच्या वाटेवर ते काही काळ बगदादला थांबले. ज्यांनी पूर्वी त्यांच्या पोशाखाची आणि वाहनाची किंमत ५०० दीनार केली होती, त्यांनीच आता अंगावरच्या कपड्यांची किंमत १५ कीरात केली. म्हणजे पुरता एक दीनारही नाही.

तूसला परतल्यावर सारे काही सुरळीत झाले, असे समजू नका. घरच्या अडचणी, मुलाबाळांच्या गरजा, रोजीची निकड यांमुळे एकांत विस्कटून जाई. मन लागण्याचे क्षण अधूनमधूनच हाती येत. तरीही ते निराश झाले नाहीत. व्यत्यय आला की पुन्हा त्याच कामाला लागत. संसारी माणसाला यातून मोठा दिलासा मिळतो. एवढ्या मोठ्या इमामांनाही घरातील गडबडीतूनच वेळ काढावा लागला.

याच वर्षांत ‘इहया उलूमिद्दीन’ हा ग्रंथ आकाराला आला. चार भाग आणि चाळीस प्रकरणे. आरंभ इल्मच्या प्रकरणाने, अखेर मृत्यू आणि आखिरत यांच्या स्मरणाने. पहिल्याच प्रकरणात त्यांनी आपल्या पेशाची कठोर तपासणी केली आहे. कित्येक गावांत मुसलमान वैद्य सापडत नाही, आणि फिकहमधील वादविवाद शिकायला मात्र झुंबड उडते. कारण वैद्यकीतून वक्फची व्यवस्था, काझीपद आणि अधिकार मिळत नाहीत, असे त्यांनी लिहिले. ही टीका करण्याचा हक्क त्यांनी स्वतः ते पद सोडून कमावला होता. अरबी न जाणणाऱ्या सामान्य लोकांसाठी त्यांनी याच विषयांवर ‘कीमिया-ए-सआदत’ हा ग्रंथ आपल्या मातृभाषेत, फारसीत लिहिला.

तेच काम, वेगळा माणूस

हि. स. ४९९ च्या जिलकादमध्ये, बगदाद सोडल्याला बरोबर अकरा वर्षे झाल्यावर, इमाम साहेब पुन्हा शिकवायला बसले. निझामुल मुल्क यांचे पुत्र वजीर फख्रुल मुल्क यांचा आग्रह आणि हुकूम होता. जागा नैशापूरच्या निझामिया मदरशाची होती. लोकांचे ईमान डळमळत असताना आपण दार लावून बसावे काय, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यांनी जाणत्या बुजुर्गांचा सल्ला घेतला आणि मग होकार दिला.

ज्यातून सुटण्यासाठी एवढा खटाटोप केला तेथेच ते परतले, असे कोणाला वाटेल. इमाम साहेबांनी स्वतःच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. पूर्वी आपण जे शिकवीत होतो त्याने मान मिळत होता आणि आपली निय्यतही तीच होती. आता जे शिकवतो त्याने मानाचा मोह सुटतो. बाहेरून पाहता ते परतले, आपल्या दृष्टीने मात्र ते परतणे नव्हतेच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

याला एक साक्षीदारही आहे. नैशापूरचे खतीब अब्दुल गाफिर फारिसी त्यांना पूर्वीपासून ओळखत होते. तरुणपणी इमाम साहेब इतरांना तुच्छ लेखत, बुद्धी आणि वाक्‌चातुर्य यांचा त्यांना गर्व होता, हे फारिसी यांनी पाहिलेले होते. म्हणून त्यांना प्रथम ही नम्रता वरवरची वाटली. वारंवार भेटून, पारखून घेतल्यावर त्यांची खात्री पटली की हा माणूस खरोखरच पालटला आहे. टीकाकार त्यांच्या अरबी व्याकरणातील चुका दाखवीत, तेव्हा या शास्त्राचा आपला फारसा अभ्यास नाही, असे ते निमूटपणे मान्य करीत. एके काळी वादात कोणाला हार न जाणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

पुढे ते तूसला परतले. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह होती. कुरआनचे पठण, बुजुर्गांची सोबत आणि अध्यापन यांत दिवस वाटून दिलेला होता. हि. स. ५०४ मध्ये बगदादच्या निझामियाची जागा रिकामी झाली आणि तेच जुने आसन पुन्हा त्यांच्याकडे चालत आले. शैतानाने भीती घातली होती की हे पद पुन्हा मिळणार नाही. ते मिळत होते. इमाम साहेबांनी नम्रपणे नकार दिला. तूसमधील विद्यार्थी आणि अल-खलील येथे केलेला तो निश्चय, ही कारणे त्यांनी कळवली.

आयुष्याच्या अखेरीस ते हदीसच्या अभ्यासाकडे वळले. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम त्यांच्या वाचनात असत. १४ जमादिउस्सानी ५०५ (१८ डिसेंबर ११११) रोजी, सोमवारी त्यांचे निधन झाले. त्यांच्या बंधूंनी सांगितल्याप्रमाणे, पहाटे वुजू करून त्यांनी नमाज अदा केली, आपला कफन मागवून घेतला, तो चुंबून डोळ्यांना लावला आणि किब्ल्याकडे पाय करून ते लवंडले. सूर्य वर येण्यापूर्वी सारे संपले होते. त्यांच्या मागे केवळ मुली होत्या. वारसाने आलेले आणि स्वतः कमावलेले मिळून घरच्यांच्या निर्वाहापुरते होते. कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

आपल्यासाठी

वाचकहो, हे चरित्र वाचून कोणी उद्याच राजीनामा लिहायला बसेल, तर ते इमाम साहेबांना समजून घेणे होणार नाही. ‘इहया’च्या तवक्कुलवरील प्रकरणात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की अन्न समोर असताना हात न हलवता पोट भरण्याची वाट पाहणे हा तवक्कुल नसून वेडेपणा आहे. एकटा मनुष्य स्वतः उपाशी राहण्याची तयारी करू शकतो. बायकामुलांना उपाशी ठेवून तवक्कुल साधण्याची परवानगी त्याला नाही. घरच्यांसाठी वर्षभराची शिधासामग्री साठवणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, आणि याला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणाचा आधार आहे. म्हणूनच बगदाद सोडताना त्यांनी आधी मुलांचा निर्वाह बाजूला काढला.

उलट, हे चरित्र वाचून आहे तेथेच मुकाट्याने राहावे, असाही अर्थ कोणी काढू नये. ज्या कामात हराम मिसळले आहे, ज्यात दररोज खोटे बोलावे लागते किंवा कोणाचा हक्क मारावा लागतो, तेथे हलाल रोजीचा शोध घेणे हे कर्तव्यच आहे. इमाम साहेबांचा प्रश्न त्याहून अवघड होता. त्यांचे काम हलाल होते, उत्तम होते, आणि तरीही ते त्यांना आतून पोखरत होते.

म्हणून, ज्याच्या जिवाला चैन नाही, त्याने राहावे की सोडावे याचा निर्णय करण्याआधी इमाम साहेबांनी स्वतःला विचारलेला प्रश्न विचारावा : हे काम मी कोणासाठी करतो? कष्टांचा कंटाळा, वरिष्ठांवरचा राग किंवा दुसऱ्याची बरकत पाहून झालेली जळजळ, यांना दीनचे नाव देऊ नये; तशी निय्यत घेऊन मनुष्य कोठेही गेला तरी ती त्याच्या सामानातच असते. आणि निय्यत तपासून, घरच्यांच्या हक्काची तजवीज करून, जाणत्यांशी मसलत करून, इस्तिखारा करून कोणी निघाला, तर पुढचा सगळा रस्ता आधीच दिसला पाहिजे, असा हट्ट त्याने धरू नये. इमाम साहेबांनाही दमिश्कच्या मिनारावर चढताना ‘इहया’ दिसत नव्हती.

कदाचित शोध घेतल्यावर त्याला आढळेल की सोडायचे ते काम नव्हतेच. ज्या वर्गात तो शिकवतो, ज्या दवाखान्यात सेवा करतो, ज्या कचेरीत लोकांची कामे उरकतो, तेथेच अल्लाहच्या रजेची निय्यत धरली तर तीच खुर्ची त्याच्यासाठी नवी होईल. इमाम साहेबांना हे कळायला अकरा वर्षे आणि एवढा मोठा प्रवास लागला. आपल्याला त्यांचे अनुभव तयार मिळाले आहेत, ही अल्लाहची कृपा.

अल्लाह आपल्या निय्यती खालिस करो, आपल्या घरांत हलाल रोजीची बरकत देवो, आणि ज्याचे पाऊल दुविधेत अडकले आहे त्याला योग्य दिशा दाखवो. आमीन.